एका वर्षाच्या करारावरचे पॉलिक्लिनिक

गेल्या एप्रिलमधील एका रात्री अडीचच्या सुमारास आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दरदरून घाम फुटला, बोलणे अडखळू लागले आणि ते मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारू लागले. ग्लुकोमीटरवर रक्तातील साखरेचा ४८ हा धोक्याइतका कमी आकडा आला. आईने साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजले, मी दर पंधरा मिनिटांनी त्यांच्या बोटाला सुई टोचत राहिले, आणि पहाटे चारला आकडा शंभराच्या वर गेला तेव्हा कुठे त्यांनी मला ओळखून पाणी मागितले. उजाडल्यावर औषधांची पिशवी पलंगावर रिकामी केली आणि कारण सापडले. साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइड या गोळीची पट्टी एक मिलिग्रॅमची असायला हवी होती, ती दोन मिलिग्रॅमची होती. कंपनी तीच, पट्टीचा रंगही जवळजवळ तोच. तीन दिवस आबा दुप्पट मात्रा घेत होते, आणि ज्याच्या मूत्रपिंडांचे काम मंदावले आहे अशा वयस्कर माणसाच्या शरीरात या औषधाचा परिणाम लवकर ओसरत नाही.

ही पिशवी माजी सैनिकांसाठी असलेल्या आमच्या पॉलिक्लिनिकमधून आली होती. औषधे देण्याच्या खिडकीवर त्या दिवशी औषधनिर्माता नव्हताच. आधीच्या ताईंचा करार मार्चअखेर संपला, नूतनीकरणाचे पत्र वेळेत आले नाही, आणि घर चालवायचे असल्यामुळे त्यांनी पुण्यात एका औषधांच्या दुकानात नोकरी धरली. नवी नेमणूक म्हणजे जाहिरात, अर्ज, मुलाखत आणि मग मंजुरी, इतका प्रवास असतो. तोवर सेनेच्या वैद्यकीय दलातून निवृत्त झालेले एक नर्सिंग असिस्टंट रक्तदाब, साखर, ड्रेसिंग, इंजेक्शने हे सगळे सांभाळून मधल्या वेळात खिडकीवर बसत होते. मी पट्टी घेऊन गेले तेव्हा त्यांनी ती चिठ्ठीशी ताडून पाहिली आणि बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग खिडकी बंद करून बाहेर आले, बाकावर बसलेल्या आबांसमोर सावधान स्थितीत उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी झाली, हवालदारसाहेब."

आबा म्हणाले, "एका संतऱ्याला दोन पोस्टवर उभं केलं, तर चूक संतऱ्याची धरत नाहीत. ड्युटी कोणी लावली ते विचारतात."

तो प्रश्न मी गेले वर्षभर मनात घेऊन फिरते आहे. माजी सैनिकांच्या आरोग्याबद्दल आपल्याकडे बोलणे झाले तर ते बहुधा रुग्णाच्या बाजूने होते, म्हणजे औषध मिळाले नाही, रांग मोठी होती, रुग्णालयाने परत पाठवले असे. मीही तसेच बोलत असे. परंतु नऊ वर्षे दर महिन्याला किरकोळ रजा टाकून आबांना तिथे नेल्यानंतर माझी खात्री झाली आहे की, खिडकीच्या अलीकडच्या माणसाला काय मिळते हे पलीकडच्या माणसाला कसे वागवले जाते यावर ठरते, आणि पलीकडच्या माणसाकडे कोणाचेच लक्ष नाही.

ज्यांच्या घरात फौजी नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती द्यायला हवी. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ईसीएचएस, १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी निवृत्त जवानाला खात्रीचा आधार होता तो लष्करी रुग्णालयाचा, आणि ती रुग्णालये छावण्यांच्या शहरांत असल्यामुळे गावी परतलेल्या माणसासाठी पुणे, खडकी, देवळाली किंवा बेळगाव गाठण्यावाचून इलाज नसे. आमच्या भागात घराघरातून माणसे फौजेत गेलेली आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ असेच म्हणतात, आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले होते. अशा भागात उपचार जवान राहतो तिथे आणणारी ही योजना फार मोलाची आहे, हे मी आधीच स्पष्ट सांगते. आबांच्या दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, आईच्या गुडघ्याचे उपचार आणि नऊ वर्षांची औषधे यांचा खर्च आम्हाला स्वतःच्या खिशातून करावा लागला असता, तर शेताचा एखादा तुकडा विकावा लागला असता.

योजनेच्या नावात ‘अंशदायी’ हा शब्द आहे, याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. ही खैरात नव्हे. आज जवान किंवा हवालदार पदावरून निवृत्त होणाऱ्याकडून ३०,००० रुपये, जेसीओंकडून (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७,००० रुपये आणि अधिकाऱ्यांकडून १,२०,००० रुपये एकरकमी घेतले जातात. देशभरात ४०० हून अधिक पॉलिक्लिनिके आणि ५५ लाखांहून अधिक लाभार्थी असा या योजनेचा पसारा आहे. गुरखा जवानांसाठी काठमांडू, पोखरा आणि धरान येथेही पॉलिक्लिनिके आहेत. कार्ड दाखवायचे, टोकन घ्यायचे, डॉक्टरांना भेटायचे, खिडकीवरून औषधे घ्यायची आणि तज्ज्ञाची किंवा शस्त्रक्रियेची गरज असेल तर रेफरल घेऊन लष्करी किंवा योजनेशी करार केलेल्या खासगी रुग्णालयात जायचे, अशी ही रीत आहे.

आता या पॉलिक्लिनिकमध्ये काम कोण करते ते पाहू. वैद्यकीय अधिकारी, दंतवैद्य, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माता, नर्सिंग असिस्टंट, लिपिक, चालक, महिला परिचर, सफाई कर्मचारी, चौकीदार हे सगळे करारावर. प्रभारी अधिकारी बहुधा सेनेतून निवृत्त झालेला असतो, आणि तोही करारावरच असतो. पुष्कळ पदांवर माजी सैनिकांनाच प्राधान्य मिळते, त्यामुळे खिडकीच्या दोन्ही बाजूंना फौजीच असल्याचे दृश्य नेहमीचे आहे. बरीच वर्षे जाहिरातींमध्ये वैद्यकीय अधिकाऱ्याचे मानधन महिना ७५,००० रुपये, औषधनिर्मात्याचे आणि नर्सिंग असिस्टंटचे २८,१०० रुपये, तर चौकीदाराचे आणि सफाई कर्मचाऱ्याचे १६,८०० रुपये असे छापून येत असे. हे आकडे अगदीच तुटपुंजे आहेत असे मी म्हणणार नाही. आमच्या तालुक्यातील खासगी दवाखान्यांत परिचारिकेला याच्या निम्मेही मिळत नाहीत. खरा प्रश्न आहे तो वर्षाचा करार संपल्यावर काय, हा. काम चांगले असेल तर नूतनीकरण होते, पण ते होईल की नाही हे फेब्रुवारी-मार्चपर्यंत कोणालाच सांगता येत नाही. दहा वर्षे तिथे काढलेली व्यक्तीही कागदोपत्री एका वर्षाचीच कर्मचारी असते. तिची पगारवाढ नाही, बढती नाही, निवृत्तिवेतन नाही.

सोडून गेलेल्या त्या ताईंबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण त्यांच्या जाण्याने काय गेले हे कोणत्याही अहवालात दिसणार नाही. त्यांच्याकडे शाळेची शंभर पानी वही होती. महिन्याची औषधे घ्यायला आलेल्या माणसाचे एखादे औषध शिल्लक नसेल, तर त्या त्याचे नाव, औषध आणि घरच्यांचा फोन नंबर त्या वहीत लिहून घेत आणि साठा आला की फोन करत. ज्यांना वाचता येत नाही अशा वीरपत्नींच्या औषधांच्या पाकिटांवर त्या लाल पेनाने सूर्य आणि चंद्र काढून देत; सूर्य म्हणजे सकाळी, चंद्र म्हणजे रात्री. तोफखान्यात नोकरी केलेल्या कितीतरी जणांना कमी ऐकू येते, त्यांच्याशी त्या काचेला तोंड लावून मोठ्याने बोलायच्या नाहीत, दार उघडून बाहेर यायच्या आणि डाव्या की उजव्या कानाने ऐकू येते हे लक्षात ठेवून त्या बाजूला उभ्या राहायच्या. आबांची ग्लिमेपिराइड एक मिलिग्रॅमची आहे, हे त्यांना चिठ्ठी न पाहता माहीत होते. ही माहिती कोणत्याही स्मार्ट कार्डावर साठवलेली नव्हती. ती माणसाच्या डोक्यात होती, आणि ते माणूस टिकवण्याची तरतूद व्यवस्थेत नव्हती.

डॉक्टरांची गोष्ट वेगळी नाही. सेनेतून निवृत्त झालेले आणि स्वभावाने अतिशय प्रेमळ असे आमचे डॉक्टर एका सकाळी चौऱ्याण्णवावे टोकन पुकारताना मी पाहिले आहेत, आणि त्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांची जागा रिकामी होती. पॉलिक्लिनिकचा दर्जा त्या भागातील माजी सैनिकांच्या संख्येवरून अ, ब, क, ड असा ठरतो आणि त्यानुसार कर्मचाऱ्यांची संख्या मंजूर होते. पण फौजी एकटा येत नाही. त्याची पत्नी येते, अवलंबून असलेले आईवडील येतात, मुले येतात. शिवाय २००३ मध्ये जो पन्नास वर्षांचा होता तो आज सत्तरीच्या पुढे गेला आहे आणि त्याला एकाच वेळी चार आजार आहेत. एका रुग्णासाठी तीन मिनिटे मिळत असतील, तर डॉक्टर मागच्याच चिठ्ठीवरची औषधे पुढच्या महिन्यासाठी लिहून देतील, यात नवल नाही. मूत्रपिंडांची स्थिती सांगणारा आबांच्या क्रिएटिनिनचा आकडा दोन तपासण्यांमध्ये वाढला होता आणि तो सहा महिने कोणाच्या नजरेस पडला नाही. ज्या दिवशी गर्दी कमी होती त्या दिवशी त्याच डॉक्टरांनी जुने कागद उलटून पाहिले आणि लगेच मूत्रपिंडतज्ज्ञांकडे पाठवले. डॉक्टर तेच होते, फक्त त्या दिवशी त्यांच्याकडे वेळ होता.

औषधांच्या तुटवड्याबद्दल खिडकीवरच्या माणसाला शिव्या देणाऱ्यांना मला सांगायचे आहे की, त्या माणसाच्या हातात खरेदीचा अधिकार नसतो. पॉलिक्लिनिकचे प्रशासन स्थानिक लष्करी ठाण्याच्या प्रमुखाकडे, वैद्यकीय बाजू आणि औषधांची मागणी जवळच्या लष्करी रुग्णालयातील वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, मोठी खरेदी सशस्त्र दलांच्या औषध भांडारांमार्फत, धोरण दिल्लीच्या मध्यवर्ती कार्यालयाकडे आणि पैसा संरक्षण मंत्रालयाकडे, अशी ही साखळी आहे. तिच्यातील एक दुवा अडला की आमच्या खिडकीवर पाच औषधांपैकी तीनच मिळतात आणि उरलेल्या दोहोंपुढे ‘उपलब्ध नाही’ असे लिहून मिळते. मग ती बाहेरून विकत घ्यायची आणि बिलासह प्रतिपूर्तीचा अर्ज करायचा. आबांसारख्या पेन्शनधारकाला हे जमते, कारण अर्ज भरायला मी आहे. एकट्या राहणाऱ्या पंच्याहत्तर वर्षांच्या वीरपत्नीला ते जमत नाही, आणि ती औषध न घेताच महिना काढते. अशा दोघींना मी स्वतः ओळखते.

खासगी रुग्णालयांच्या बाबतीत झालेला मनस्ताप मी थोडक्यात सांगते. दोन वर्षांपूर्वी आबांना न्यूमोनिया झाला तेव्हा आम्ही त्यांना योजनेशी करार असलेल्या एका रुग्णालयात नेले. स्वागतकक्षातील मुलीने कार्ड पाहताच सांगितले की, ईसीएचएसच्या खाटा भरलेल्या आहेत. माझ्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी रोख अनामत भरण्याची तयारी दाखवली आणि त्यांच्या रुग्णाला खाट मिळाली. मला त्या क्षणी जो संताप आला तो आजही ओसरलेला नाही. आबांच्या खांद्यावरची शाल नीट करत मी उभी होते आणि ते हळूच म्हणाले, "चल, इथं तमाशा नको." ज्या माणसाने सियाचीनमध्ये ड्युटी केली, त्याला तिथे आपण कोणाच्या तरी वाट्याचे मागतो आहोत असे वाटले.

परंतु त्या संतापाच्या मागे एक साधा हिशेब आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय उपाय सापडणार नाही. ईसीएचएस खासगी रुग्णालयांना जे दर देते ते केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे सीजीएचएसच्या दरांना बांधलेले आहेत. ते दर २०१४ मध्ये ठरले आणि मधल्या काळात तपासणी शुल्कासारखे काही मोजके बदल सोडले, तर जवळजवळ दशकभर तसेच राहिले. सर्वंकष सुधारणा झाली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. त्यात रुग्णालयांना बिलांचे पैसे वेळेवर मिळत नाहीत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये या योजनेवरचा जो लेखापरीक्षण अहवाल दिला, त्यातही बिलांचा विलंब आणि औषधांचा तुटवडा या दोन्ही गोष्टींची नोंद आहे. त्यात रुग्णालयांनी जादा आकारणी केल्याचेही म्हटले आहे, तेव्हा रुग्णालये निर्दोष आहेत असा माझा दावा नाही. पण जुना दर आणि थकलेले बिल यांचा भार शेवटी स्वागतकक्षातल्या बारा हजार पगाराच्या मुलीच्या तोंडून ‘खाट नाही’ या दोन शब्दांत बाहेर पडतो, आणि तो ऐकणारा असतो सत्तर वर्षांचा फौजी. दिल्लीतली फाईल त्या दोघांनीही पाहिलेली नसते.

कायमस्वरूपी माणसे आणि पुरेसा वेळ असला म्हणजे काय होते, याचा दाखला आपल्याजवळच आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आणि खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून काम करत आहे. आबांचे एक सोबती पाठीच्या कण्याला इजा झाल्यामुळे कमरेखाली लुळे पडले, त्यांना भेटायला आम्ही खडकीला गेलो होतो. ज्या रुग्णाला स्वतः कूस बदलता येत नाही त्याला ठरावीक वेळाने, रात्रीसुद्धा, दुसऱ्याने कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या जखमा जीव घेऊ शकतात. तिथल्या परिचराने आबांच्या मित्राला एका हाताने खांदा आणि दुसऱ्याने गुडघा धरून, चादरीला एक सुरकुती न पडू देता ज्या सहजतेने वळवले, ती सहजता एका वर्षाच्या करारात येत नाही. आबांच्या मित्राने गप्पा मध्येच थांबवल्यासुद्धा नाहीत. इतकी ती हालचाल सवयीची होती.

आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर यांचे नाव आबा नेहमी घेतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या या जवानाने मुंबईच्या नौदल रुग्णालयात, ‘अश्विनी’त, उपचार घेताना पोहण्याचा ध्यास घेतला आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक मिळवले. त्यांच्या जिद्दीबद्दल पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या वेळी त्यांना तासन्‌तास पाण्यात उतरवणाऱ्या आणि बाहेर काढणाऱ्या निनावी हातांचीही आठवण येते.

सरकारला हे करता येत नाही, असेही मला वाटत नाही. मे २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट भरात असताना संरक्षण मंत्रालयाने अतिभार असलेल्या ५१ पॉलिक्लिनिकमध्ये रात्रपाळीसाठी जादा डॉक्टर, नर्सिंग असिस्टंट, औषधनिर्माता, चालक आणि चौकीदार नेमण्याची परवानगी तीन महिन्यांसाठी दिली होती. आबांच्या पिढीचे आजार काही तीन महिन्यांचे नाहीत. ते उरलेल्या आयुष्याचे आहेत. म्हणून माझे मागणे मोठ्या इमारतींचे किंवा नव्या कार्डाचे नाही. करार किमान तीन किंवा पाच वर्षांचा करावा, नूतनीकरणाचा निर्णय मुदत संपण्याच्या तीन महिने आधी लेखी कळवावा, औषधनिर्मात्याची जागा एक दिवसही रिकामी राहणार नाही यासाठी बदली माणसांची यादी तयार ठेवावी, आणि कर्मचाऱ्यांची संख्या ठरवताना माजी सैनिकांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांची आणि त्यांच्या वयाची मोजदाद करावी. आमच्या भागातील माजी सैनिक संघटनेने या चार मुद्द्यांचे निवेदन तयार केले असून त्यावर आबांची सही तिसरी आहे. ज्यांच्या घरात हे कार्ड आहे त्यांनी आपापल्या भागातील संघटनेकडे हा विषय न्यावा, आणि नेताना औषधांच्या तक्रारीबरोबर रिकाम्या जागांची संख्याही लिहून न्यावी, असे मला मनापासून वाटते.

नव्या औषधनिर्मात्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रुजू झाल्या. वयाने लहान, बोलण्यात थोड्या घाईच्या, पण हाताने काळजीपूर्वक. पहिल्याच दिवशी त्यांना खणात ती शंभर पानी वही सापडली होती. आमच्या नावापुढे आधीच्या ताईंच्या अक्षरात ‘ग्लिमे. १ मिग्रॅ.च. किडनी. मुलीला फोन करणे’ असे लिहिलेले होते आणि त्याखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या होत्या. त्यांनी ती ओळ मला काचेतून दाखवली आणि पट्टी दोनदा उलटसुलट पाहून मगच आबांच्या हातात दिली.

आबांनी विचारले, "तुमचा करार कधीपर्यंत आहे, बाळ?"

"एकतीस मार्च, आबा."

आबांनी खिशातून पेन काढले, पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेल्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर ती तारीखही टिपून ठेवली आणि आम्ही दुपारची एसटी धरायला निघालो.